तिप्पट वेळ

अण्णा, पहिल्या वर्षाच्या चाचणीचा पेपर छापायला द्यायचा आहे आणि वरच्या कोपऱ्यात ‘वेळ’ या शब्दापुढे अजून काही लिहिलेलं नाही. विषय लिहून झाला, गुण लिहून झाले, सूचना हिंदी-इंग्रजी दोन्हीत झाल्या. ती एक जागा भरायचं काम इतकी वर्षं तुमचं होतं. तुमच्या तेराव्याला जेवून आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी कॉलेजात आलो, तर विभागप्रमुख मॅडमनी चहाबरोबर तो कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, अब आप ही देख लीजिए. म्हणजे जाताना तुम्ही मला काम लावून गेलात.

मी तो कागद घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून मनात तुमच्याशी बोलणं चाललंय. बोलणं कसलं, भांडणच. आपल्याला दुसरं येतं काय?

आपल्या गणित विभागात मराठी बोलणारे आपण दोघंच. तुमचे पूर्वज दक्षिणेतून दरबाराची लिखापढी करायला इकडे उत्तरेत आले, माझे फौजेबरोबर. त्यावरून तुम्ही मला किती छळलंत. बैठकीत माझा आवाज चढला की तुम्ही हळूच म्हणायचात, ‘बसा सरदार, लढाई संपली.’ भांडणं आपण मराठीत करायचो, इतरांना कळू नये म्हणून. पण तुमचा पारा चढला की तुम्ही अर्ध्या वाक्यात हिंदीत शिरायचात, मागोमाग मीही, आणि नेमका मुद्दा तेवढा हिंदीत निघायचा. त्यामुळे अख्ख्या स्टाफरूमला आपलं भांडण आपल्यापेक्षा नीट कळत असावं.

वेळ ठरवायचा तुमचा नियम सगळ्या विभागाला पाठ होता. पेपर काढणाऱ्याने तो आधी स्वतः सोडवायचा, कोऱ्या कागदावर, घड्याळ समोर ठेवून, एकही पायरी न गाळता. जितका वेळ लागेल त्याच्या तिप्पट मुलांना द्यायचा. कमी नाही, जास्त नाही. जे लोक अंदाजाने ‘एक तास’ लिहून मोकळे होतात त्यांची तुम्हाला चीड होती. तुम्हाला साधारण वीस मिनिटं लागायची, म्हणून आपल्या चाचणीलाही एक तासच असायचा, पण तो मोजून आलेला. तास झाला की टेबलावरची पितळी घंटी वाजायची. घंटीनंतर कुणाचं पेन हलताना दिसलं तर तुम्ही कागद ओढून घ्यायचात, मग आकडा अर्धा लिहून झालेला का असेना. मी स्वतः तुमची विद्यार्थिनी, माझाही एक कागद असाच गेलाय. मी लिहायला चपळ होते म्हणून एकच गेला.

संध्याचा मात्र प्रत्येक वेळी जायचा. शहराच्या टोकाला असलेल्या मुरारच्याही पलीकडच्या गावातून बस आणि टेंपो बदलत येणारी मुलगी, घरात विज्ञानाला आलेली पहिलीच. हिंदी माध्यमातून आलेली, त्यामुळे तेव्हा इंग्रजीतच असलेला प्रश्न आधी मनात हिंदीत फिरवून घ्यायची, मग लिहायची, आणि लिहायची तेही एकेक अक्षर कोरून काढल्यासारखं. त्या वर्षी कुंपणाची लांबी ठरलेली आणि त्यात सगळ्यात मोठा आयत काढा, असा प्रश्न होता. तिचं शेवटच्या पायरीपर्यंत बरोबर आलं होतं आणि घंटी झाली. तुम्ही कागद घेतलात. ती कॉरिडॉरमध्ये गेली, भिंतीला वही टेकवून तिने राहिलेली पायरी उभ्यानेच केली आणि परत आली. ‘सर, आ गया,’ म्हणाली. तुम्ही वही पाहिलीत, नीट पाहिलीत, आणि शांतपणे म्हणालात, ‘आया, बेटा. पर टाइम के बाद आया.’

ती त्या वर्षी थोडक्यात राहिली, पुरवणी परीक्षेतही राहिली. पहिल्या वर्षाचं गणित अडलं की पोरीचं विज्ञान सुटतं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. पुढच्या वर्षी तिने बी.ए.ला नाव घातलं. त्या संध्याकाळी मी तुमच्याशी जे भांडले ते खरं म्हणजे अजून संपलेलं नाही. मी म्हटलं, तुम्ही गणित तपासलंत की हात? तुम्ही म्हणालात, ‘वेळ हा गणिताचाच भाग आहे, वैशाली. मी आज थांबीन. उद्या विद्यापीठाच्या मोठ्या परीक्षेत तिच्यासाठी कोण थांबणार आहे, ते सांग.’  

त्यानंतर मी चाचणीच्या पद्धतीमागे हात धुऊन लागले. एका मोठ्या चाचणीच्या जागी तीन लहान केल्या. जे राहतील त्यांच्यासाठी दुसरी फेरी, म्हणजे आपली चूक स्वतः शोधून तो भाग पुन्हा लिहून द्यायचा. लोकांना वाटतं हे सगळं मी तुमच्याशी लढून मिळवलं. पण तुम्ही नुसते आडवे आला नव्हतात. दुसऱ्या फेरीत तोच पेपर दिला तर मुलं उत्तरं घोकून येतील, हे तुम्ही म्हणालात आणि पहिल्याच खेपेला तसं झालं. तेव्हा तुम्ही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी नव्या प्रश्नांचा कागद माझ्या खणात ठेवलेला होता, तुमच्या अक्षरातला. आणि पेपरातली माझी हिंदी! मी पुस्तकातले जड शब्द घालून ठेवले होते. तुम्ही लाल पेनाने ‘प्रवणता’ कापलंत आणि उतारासाठी साधं ‘ढाल’ लिहिलंत, मुलं फळ्यापुढे म्हणतात तसं. म्हणालात, पोरगं शब्दात अडकलं तर ते नापास नाही, आपण नापास. हे तुम्हाला इतकं स्वच्छ दिसत होतं म्हणूनच माझा जास्त जीव जळायचा. भाषेत अडकलेल्यासाठी तुम्ही थांबायला तयार होतात, हातात अडकलेल्यासाठी नाही.

वेळेची मर्यादा काढावी किंवा निदान सैल करावी, हा ठराव मी विभागाच्या बैठकीत दर वर्षी मांडला आणि दर वर्षी तो पडला. तुम्ही एकटेच विरोधात बोलायचात, बाकीचे माना हलवायचे. मला त्याची सवय झाली होती. उन्हाळ्यात आंबे येतात तसा माझा ठराव यायचा.

मग तुम्हाला तो झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं काही आठवड्यांत जवळजवळ पहिल्यासारखं झालं, पाय सुधारला, उजवा हात काही सुधारला नाही. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, घरी बसला असतात तरी चाललं असतं. काकू मला म्हणाल्या होत्या, तूच समजाव त्यांना. मी काय समजावणार? तुम्ही डाव्या हातात खडू धरून वर्गात उभे राहिलात आणि तुमचं ते वेडंवाकडं, हळू उमटणारं ‘एक्स’ बघून पहिल्या वर्षाची मुलं इतकी गप्प बसली की मला दाराबाहेर भरून आलं. तसं तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही चिडवलं असतंत.

आणि मग आला चाचणीचा पेपर. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही तोंडी सांगा, मी लिहिते, दहा मिनिटांत होईल. डोकं तर तुमचं पहिल्यासारखंच चालत होतं, सगळा पेपर तुम्ही खुर्चीत डोळे मिटून सोडवला असता. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं काही मी कॉपी करायला सांगत होते. ‘मुलं तोंडी देतात का? लिहून देतात ना? मग मी पण लिहिणार. बिलकुल गडबड नाही पाहिजे.’ कोरे कागद मागवलेत, घड्याळ समोर ठेवलंत आणि डाव्या हाताने पहिला प्रश्न सुरू केलात.

मी समोर बसून वह्या तपासत होते, म्हणजे तसं दाखवत होते. तुमचा हात थरथरायचा, कागद सरकायचा, तुम्ही कोपराने तो दाबून धरायचात. एकही पायरी गाळली नाहीत. मधे चहा आला आणि तसाच गार झाला. शेवटी तुम्ही पेन खाली ठेवलंत, घड्याळाकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘सत्तर मिनिटं.’ मग जराही न थांबता, ‘तिप्पट. साडेतीन तास. लिही.’ मी लिहिलं. माझ्या इतक्या वर्षांच्या ठरावांनी जे झालं नव्हतं ते एका दुपारी झालं, आणि तुमचा चेहरा असा कोरा की काही विचारायची सोय नव्हती.

बैठकीत गोंधळ उडाला. चाचणीला साडेतीन तास? खोली कोण देणार, पहाऱ्याला कोण बसणार? तुम्ही म्हणालात, ‘नियम इतने साल से यही है. जब एक घंटा आता था, तब किसी ने कुछ पूछा?’  ज्या नियमाला सगळ्यांनी इतकी वर्षं मान डोलावली होती त्यालाच नाही कसं म्हणणार? मॅडम म्हणाल्या, जब तक पेपर सर का है, चलने दीजिए. पहाऱ्याला तुम्ही स्वतः बसलात.

त्या दिवशीचा हॉल मी विसरणार नाही. बहुतेक मुलं दीड तासात उठून गेली. तुम्ही म्हणालात, बघ, वेळ दिला म्हणून सगळे घेतातच असं नाही. दोन तासांनंतर सातआठ जण राहिले, मग चार. घंटी टेबलावर तशीच होती. त्या चौघांपैकी दोघांचं शेवटपर्यंत बरोबर आलं, दोघांचं नाहीच आलं. तुम्ही ती दोन कोरी पानं माझ्यापुढे ठेवलीत. ‘ज्याला येत नाही त्याला साडेतीन तासांत पण नाही येत.’ मी बाकीचे दोन कागद पुढे केले आणि विचारलं, ‘आणि ज्याला येतं त्याला?’ तुम्ही चष्मा काढून पुसलात. एका हाताने चष्मा पुसायला फार वेळ लागतो. मग म्हणालात, चल, बेडई खाऊन येऊ, भूक लागली. आपलं भांडण तिथे थांबलं ते थांबलंच.

कंपू भागातल्या हॉस्पिटलात मी तुम्हाला शेवटचं भेटले तेव्हा बाहेर दाट धुकं होतं आणि तुम्ही सगळ्यांवर वैतागलेले होतात. नर्सवर, उशीवर, वरणावर. मी तिळगुळाची गजक आणली होती, ती तुम्हाला चालत नव्हती, तरी हातात धरून बसलात. एकदम म्हणालात, ‘ती कॉरिडॉरवाली मुलगी. संध्या. कुठे असते आता?’ मला वाटलं होतं तुम्ही तिला केव्हाच विसरलात. मी सांगितलं, तिच्या गावाजवळच्या शाळेत शिकवते, लहान मुलांना. तुम्ही विचारलंत, काय शिकवते? म्हटलं, सगळंच, गणितसुद्धा. तुम्ही बराच वेळ गजकेच्या कागदाशी चाळा केलात. ‘हळू शिकवत असेल,’ म्हणालात. ‘चांगलं आहे.’

तेव्हाच विचारायला हवं होतं. ती सत्तर मिनिटं खरंच नियमाची होती, की तुम्ही नियमाच्या आडून माझा ठराव मंजूर केलात? प्रश्न ओठांवर होता. पण काकू डबा घेऊन आल्या, मग डॉक्टर आले, आणि मी म्हटलं, पुढच्या वेळी. पुढची वेळ आली नाही. मला तुमची इतकी आठवण येते अण्णा, की स्टाफरूममध्ये कुणीही ‘बैठिए’ म्हटलं तरी मी मान वळवते.

तेराव्याच्या दिवशी काकू मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, ‘तुझ्याशी भांडून आले ना, की दोन पोळ्या जास्त खायचे. आता मी कोणाला सांगू भांडायला?’ आणि पदरात गुंडाळून ठेवलेली ती पितळी घंटी माझ्या हातात दिली. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून रडलो. बाहेर पंगत चालली होती.

तर आता हा पेपर. काल दुपारी मी टेबल पुसलं, कोरे कागद घेतले, घड्याळ समोर ठेवलं आणि तुमच्या नियमाने बसले. एकही पायरी गाळली नाही. पेन खाली ठेवलं आणि घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं. तिप्पट, एक तास.

 तुमचा नियम खरा होता, मी प्रामाणिकपणे केलं होतं आणि उत्तर पुन्हा तोच एक तास. इतकी वर्षं वेळेविरुद्ध भांडणारी मी, माझ्या हाताने तो परत आणणार होते, कारण माझा हात चपळ आहे. मॅडम खूष झाल्या असत्या. नुसता युक्तिवाद करून बघावं म्हटलं, तर तो मी दर वर्षी केलाय आणि दर वर्षी हरलेय. विभागात चालतो तो तुमचा नियम. आणि या वर्षीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी आहे, ती प्रत्येक ओळ लिहिण्याआधी ओठ हलवते. दोन तास मिळाले तर तिला सगळं येतं. एका तासात ती राहील, आणि मग तिनेही बी.ए.ला नाव घालायचं का?

मी नियम पुन्हा मनात म्हटला. पेपर काढणाऱ्याने स्वतः सोडवायचा, लिहून, घड्याळ लावून, पायरी न गाळता. बस एवढंच. कुठल्या हाताने, ते तुम्ही कधी सांगितलं नव्हतं.

मी पेन डाव्या हातात घेतलं.

हे आतून आले आणि विचारलं, हाताला काय झालं? म्हटलं, काही नाही, पेपर काढतेय. पहिल्या प्रश्नालाच मनगट भरून आलं. डोकं दोन ओळी पुढे पळत होतं आणि हात मागे अडकलेला, आणि त्या ओढाताणीत एक उणे चिन्ह माझ्याकडून सुटलं. अण्णा, माझ्याकडून. जे गणित मी डोळे मिटून करते त्यात. पुढच्या चार ओळी चुकल्या तेव्हा लक्षात आलं, खोडून पुन्हा लिहिलं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते, आणि बघितलं की अक्षर आणखी बिघडत होतं. मला संध्याची कोरलेली अक्षरं आठवली. मग तुम्ही आठवलात, कोपराने कागद दाबून धरलेले.

आणि तेव्हा मला कळलं, अण्णा. तुम्हाला दुसऱ्या ओळीलाच कळलं असणार. एक ओळ इतका वेळ घेते तर पेपर किती घेईल आणि त्याची तिप्पट किती होईल, हे तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं का? तुम्हाला तोंडी सांगायची वाट मी मोकळी करून दिली होती. ती सोडून तुम्ही सत्तर मिनिटं तसेच लिहीत बसलात. तो हट्ट होता की होकार, हे तुम्ही सांगितलं नाहीत, पण मी आता होकार धरते. चूक असेल तर असो. आभार मानायचे राहिले होते, ते आत्ता मानते.

मला पासष्ट मिनिटं लागली. तुमच्यापेक्षा पाच कमी, ते तुम्हाला आवडलं नसतं. आज सकाळी मी वर ‘वेळ’ पुढे सव्वातीन तास लिहून कागद मॅडमपुढे ठेवला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘इतना? आपने खुद सॉल्व किया?’

‘जी. सर के नियम से. घड़ी लगाकर.’

 मग त्यांनी सही केली. गुरुवारी चाचणी आहे, पहाऱ्याला मी आहे. घंटी टेबलावर ठेवीन, तिसऱ्या बाकावरच्या मुलीला दिसेल अशी, आणि ती उठेपर्यंत हात लावणार नाही. डाव्या हाताचं मॅडमना मी सांगितलं नाही. तुम्ही तरी तुमच्या मनातलं कुठे सांगितलं होतंत.